देवळातला मोठा दिवा आणि एक आणा प्रवाह

फाल्गुन शुद्ध त्रयोदशी, सन १९३४. दिवेलागणीची वेळ. जागा: पोलादपूरच्या वरच्या अंगाला, सावित्रीकाठच्या आमच्या गावातले ग्रामदेवीचे देऊळ.

हजर: गावचा पहिला मानकरी. दुसरा मानकरी. देवीचा गुरव. शिमग्याला मुंबईहून आलेला तारवाला, म्हणजे विजेची तार ओढणारा. हा तिसऱ्या मानाच्या घरचा. त्याची म्हातारी आई. भातगिरणीचा कारभारी, म्हणजे मी. आणि उरलेला गाव. गैरहजर एकच, गिरणीचा इंजिनवाला. त्याला इंजिनापाशी उभे राहणे भाग होते.

त्या संध्याकाळी देवळात प्रथमच विजेचा दिवा लागायचा होता. दिवा लागला की गुरवाने घंटा वाजवायची, घंटा ऐकून ढोल वाजायचे, असे ठरले होते. खाली गिरणीत इंजिन सुरू झाल्याचा ठोका आम्हाला ऐकू आला. डायनॅमोचा पट्टा चढला, तसा ठोका जरा जड झाला. गुरवाने घंटेची दोरी हातात धरली.

दिवा लागला नाही.

आम्ही सगळे माना वर करून उभे होतो. गाभाऱ्यापुढच्या तुळईला टांगलेला तो मोठा काचेचा गोळा जसा होता तसाच काळा राहिला. तेवढ्यात वरच्या अंगाने कोणीतरी ओरडले, की घरांतून उजेड आलाय. आम्ही देवळाच्या पायऱ्यांवर आलो. खरेच होते. पहिल्या मानकऱ्याच्या पडवीत, दुसऱ्याच्या पडवीत आणि ओहोळापलीकडे तारवाल्याच्या घरी असे तीन लहान दिवे लागले होते. उजेड फार नव्हता. चुलीतल्या निखाऱ्यासारखे तांबूस होते. पण लागले होते. देवीचा मात्र अंधारात.

पहिल्या मानकऱ्याने तिन्ही दिवे पाहिले. मग त्याची नजर ओहोळापलीकडच्या दिव्यावर थांबली.

"देवीच्या आधी तुझ्या घरात उजेड," तो तारवाल्याला म्हणाला. "बरी केलीस की रे मुंबई."

गुरवाने दोरी सोडून दिली. ढोलवाले ढोल घेऊन घरी गेले.

हे दिवे आले कसे ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे नीट लागेल. आमच्या गिरणीत तेलावर चालणारे इंजिन होते, आणि भाताच्या हंगामात अंधार पडल्यावरही काम करता यावे म्हणून गिरणीचे मालक शेठ, त्यांनी वीज तयार करणारा एक लहान डायनॅमो बसवला होता. त्याचा दाब दोनशेवीस व्होल्ट. शिमग्यात गिरणी बंद, डायनॅमो मोकळा. तेव्हा गावच्या मुंबईकर मंडळींनी शेठना विचारून घेतले, की पालखीच्या दिवसांत देवळाला आणि मानाच्या तीन घरांना वीज द्यावी. दिवे आणि तार मंडळी आणणार, इंजिनाचे तेल शेठ देणार, देखरेख माझी. मुंबईहून आगबोटीने बाणकोट, तिथून खाडीने दासगाव, आणि पुढे महाडवरून गाडीने सामान वर आले. एक मोठा दिवा, दोनशे वॉट छाप असलेला. पाच लहान, चाळीस वॉटचे. तीन लावायला आणि दोन फुटले तर म्हणून. तारेचे एक मोठे वेटोळे. तार धरून ठेवणारे चिनी मातीचे चाप. सामान मी मोजून घेतले, त्याची यादी करून कोठीच्या दाराला लावली, आणि इंजिनाचे तेल आणायला महाडला गेलो.

मी महाडला होतो त्या दिवसांत तार ओढली गेली. ती कशी ओढायची याचा निर्णय गावकीत झाला, आणि तो आमच्या गावाला शोभेल असाच झाला.

आमच्या पालखीचा नियम असा आहे. ती देवळातून निघते. पहिल्या मानकऱ्याच्या दारी थांबते, मग दुसऱ्याच्या, मग ओहोळ ओलांडून तिसऱ्याच्या. प्रत्येक दारी घरचे नारळ ठेवतात, गुरव त्या घराचे नाव घेऊन देवीला गाऱ्हाणे घालतो, आणि पालखी पुढे जाते. गेल्या वाटेने पालखी परत येत नाही. तिसऱ्या घरावरून ती वरच्या अंगाने वळसा घेऊन देवळात येते. गावकीने ठरवले, की वीजही देवीचीच, तर तिनेही याच रीतीने जावे. त्याप्रमाणे गिरणीतून निघालेली तार देवळात आली, मोठ्या दिव्याच्या एका टोकातून आत शिरली आणि दुसऱ्या टोकातून बाहेर पडून पहिल्या घरी गेली. तिथेही एका टोकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. मग दुसरे घर. मग तिसरे. मग वरच्या अंगाने वळसा घेऊन गिरणीत. एकच तार, एकच फेरा. देवीचा दिवा सगळ्यात मोठा असावा हाही पहिल्या मानकऱ्याचाच आग्रह. देवीचा दिवा घराच्या दिव्याएवढा असून कसे चालेल?

तारवाल्याने याला हरकत घेतली नाही. घ्यावी असे त्याला वाटलेही नाही. तो मुंबईत ट्रामच्या कारखान्यात कामाला होता. ट्रामच्या डब्यातले दिवे असेच एकापुढे एक एकाच तारेवर ओवलेले असतात, आणि ते चांगले लख्ख लागतात. त्याने ते स्वतःच्या हातांनी बसवले होते. ट्रामचे दिवे सगळे एका मापाचे असतात आणि तिथला दाब आमच्या दुपटीहून जास्त असतो, हा फरक कोणाच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणीत आलो तर म्हातारी, म्हणजे तारवाल्याची आई, भुशाच्या ढिगापाशी बसलेली. तिच्याकडून कळले, की मी घरी गेल्यावर गावकी देवळातच बसली होती. पहिला मानकरी म्हणाला, की देवळातली वीज पुढे ओढून घेतल्याशिवाय देवळात काळोख आणि घरात उजेड असे होणार नाही, आणि ओढणारा तारेच्या शेवटच्या टोकालाच असला पाहिजे. शेवटचे घर तारवाल्याचे. तेव्हा यंदा पालखी तिसऱ्या दारी थांबू नये. पक्के आज दुपारी व्हायचे होते.

"माज्या दारात पालखी थांबंल का नाय, येवढंच सांगा," म्हातारी म्हणाली. "दिवा नको मला. दिवा घेऊन जा. गाऱ्हाणं नाय झालं तर पोराचं नाव वर्षभर देवीच्या कानावर जायचं नाय. तो तकडं मुंबईत. मी हिकडं. मधे तीच हाय."

मी म्हणालो, की आधी दिवा का लागला नाही ते पाहतो.

"ते बघा. पण दुपारच्या आत बघा."

ती गेली नाही. तिथेच बसून राहिली. मला कोणी पाहत बसले की काम सुचत नाही. पण तिला जा म्हणवेना. मी इंजिनवाल्याला इंजिन लावायला सांगितले, बाहेरची तार डायनॅमोच्या फळीवरून सोडवली, आणि सुटे दिवे काढले. त्या सकाळी मी एका जागी उभा राहिलो नाही. फळीपाशी, कोठीत, दारात, पुन्हा फळीपाशी. इंजिनवाला शेवटी म्हणाला, "कारभारी, तुम्हीच फिरत राहा, इंजिन नको."

फळीवर दोन घड्याळे होती: एक दाब दाखवणारे, एक प्रवाह दाखवणारे. डायनॅमोबरोबर आलेल्या पुस्तिकेत दोन ओळींत नियम दिला होता. दाबाला प्रवाहाने भागले की रोध निघतो, म्हणजे दिव्याची तार प्रवाहाला किती अडवते ते. आणि दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती निघते, म्हणजे दिवा किती वीज खातो ते. पुस्तिका मी वाचली होती. नियम वापरायची वेळ मात्र कधी आली नव्हती. गिरणीचे दिवे लागायचे, तेवढे पुरे होते.

आधी मोठा दिवा. तो मी सकाळीच देवळातून उतरवून आणला होता. तोच बिघडलेला असेल तर सगळा प्रश्न तिथेच मिटणार होता. फळीवर एकटा जोडला आणि तो असा लागला, की म्हातारीने डोळ्यांवर पदर घेतला. दिवा बिघडलेला नव्हता. दाब दोनशेवीस, प्रवाह एक अँपिअर. काटा जाड होता, तेव्हा थोडे कमी-जास्त धरायचे. भागाकार: रोध दोनशेवीस ओहम. गुणाकार: शक्ती दोनशेवीस वॉट. छाप दोनशेचा, म्हणजे माप ठीक.

मग लहान दिवा. एक जोडला तर प्रवाहाचा काटा हलला की नाही तेच कळेना. तेव्हा घरांतले तीनही उतरवून आणले आणि सुट्या दोनांसह पाचही शेजारी शेजारी लावले, प्रत्येकाची दोन्ही टोके थेट फळीला. आता काटा बरोबर एकावर आला. पाचांत मिळून एक अँपिअर, म्हणजे एकाला त्याचा पाचवा हिस्सा. दोनशेवीसला पाचव्या हिश्श्याने भागले: अकराशे ओहम. शक्ती चव्वेचाळीस वॉट. घरांचे तीन दिवे परत जागेवर पाठवले.

मी हे खडूने भाताच्या कणगीवर लिहिले. लिहिले आणि पाहत राहिलो. मोठ्या दिव्याचा रोध दोनशेवीस, लहानाचा अकराशे. मोठा दिवा मोठा असतो तो कमी अडवतो म्हणून. पाच पट कमी.

पुढचे गणित सोपे होते. एकाच तारेवर चारही दिवे ओवले, म्हणजे चौघांचे अडवणे एकत्र. तीन अकराशे, तेहतीसशे. त्यात दोनशेवीस. पस्तीसशे वीस. तारेचे स्वतःचे अडवणे मी धरले नाही, ते यापुढे किरकोळ होते. दोनशेवीसला पस्तीसशे वीसने भागले. उत्तर आले सोळावा हिस्सा.

सोळावा हिस्सा म्हटल्यावर मला हिशेब एकदम बोलीभाषेत दिसला. एक अँपिअर म्हणजे रुपया धरा. त्या फेऱ्यात फिरत होता एक आणा. एकच तार असल्यामुळे देवळातही एक आणा, पहिल्या घरीही एक आणा, तिसऱ्या घरीही एक आणा. कोणी कोणाचा ओढलेला नव्हता. ओढता येतच नव्हता. लहान दिव्याची भूक तीन आणे आणि वर थोडी. त्याला एक आणा मिळाला, तो अर्धपोटी तांबूस लागला. मोठ्याची भूक पुरा रुपया. त्याला आणा मिळाला तर तो कशाला डोळे उघडतो?

शक्तीही काढून पाहिली. त्या फेऱ्यात लहान दिव्याच्या वाट्याला चार वॉटच्या वर थोडी येत होती, मोठ्याच्या वाट्याला एक वॉटही पुरती नाही. काल घरांतले दिवे मात्र या आकड्याच्या मानाने जास्त उजळ होते. याचे कारण मला पुढे कळले. दिव्याची तार थंड असते तेव्हा कमी अडवते, तापेल तसा रोध वाढतो. त्यामुळे अर्धवट तापलेल्या दिव्यांतून प्रवाह एका आण्याहून थोडा जास्त जात असणार. माझा हिशेब तोळ्यामाशाला बरोबर नव्हता. दिशा बरोबर होती.

"काय निगालं?" म्हातारीने विचारले.

मी तिला आण्या-रुपयाचे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हंजे देवीला मोठं ताट दिलं, आन् वाढलं सगळ्यांना सारखंच."

मला याहून नीट सांगता आले नसते. दुपारी गावकीत मी तिचेच वाक्य वापरायचे ठरवले. अखेर वापरले नाही, कारण पहिल्या मानकऱ्याला ताटावरून बोललेले आवडले नसते.

दुपारी देवळाच्या सभामंडपात सगळे जमले. मी खडू नेला होता. फरशीवर आकडे मांडायला बसलो तसा पहिला मानकरी म्हणाला, की कारभाऱ्यांची आकडेमोड भाताला ठीक. आम्ही किती भात दिले आणि किती तांदूळ आले हे ते सांगतील ते आम्ही वर्षानुवर्षे ऐकतोच आहोत. मंडळी हसली. मीही हसलो. गिरणीचा कारभारी झाले की हे ऐकावे लागते.

पण मी आकडे पुसले आणि दुसरी वाट धरली. मी म्हणालो, की हिशेब राहू द्या. मी आता होणारी गोष्ट आधी सांगतो आणि मग करून दाखवतो. मोठा दिवा तिसऱ्या घरी नेऊन लावू, तिथला लहान दिवा देवळात आणू. तार आहे तशीच ठेवू. मी म्हणतो, देवळातला लहान दिवा पेटेल आणि तिसऱ्या घरातला मोठा काळा राहील. तारवाला वीज ओढत असेल तर तिथे मोठा दिवा लख्ख लागला पाहिजे.

हे पहिल्या मानकऱ्याला पटण्यासारखे होते, कारण यात त्याला कोणाचे ऐकायचे नव्हते, फक्त पाहायचे होते. त्याने अट घातली, की मोठा दिवा दुसऱ्या मानकऱ्याने स्वतः न्यावा, आणि तारवाल्याने इथून हलू नये.

तसे झाले. दुसरा मानकरी दिवा धोतराच्या सोग्यात धरून, सोवळ्यातली वस्तू न्यावी तसा ओहोळ ओलांडून गेला. तारवाला सभामंडपाच्या खांबाला पाठ लावून बसला. मी त्याला ट्रामविषयी विचारले तेव्हा खाली मान घालून त्याने एवढेच सांगितले, की तिथे कधी एक दिवा बिघडला तर सगळे जातात; पण एक काळा आणि बाकीचे चालू, हे त्याने बघितलेले नव्हते.

आत गाभारा काळोखाचा, त्यामुळे दुपार असूनही अडचण नव्हती. मी खाली खूण केली. इंजिनाचा ठोका आला. पट्टा चढला.

देवळात टांगलेला लहान दिवा तांबूस लागला. तेल संपत आलेल्या समईइतका. पण लागला.

मग दुसरा मानकरी ओहोळापलीकडून हाक घालत आला, की दिवा मेल्यासारखा आहे, हात लावला तर गारच.

पहिला मानकरी उठला, दिव्याखाली जाऊन उभा राहिला. मला वाटले, आता दुसरी शंका काढील. त्याने शंकाच काढली, पण ती माझ्या अपेक्षेपेक्षा सरळ होती.

"कारभारी, म्हणजे मोठा दिवा द्या असं मी म्हटलं, तेच नडलं?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. हो म्हटले असते तर हिशेबाला धरून होते. पण शिमगा उद्यावर आला होता आणि पालखीचा पुढचा खांदा याचाच होता. मी म्हणालो, की मोठा दिवा बरोबर आहे, देवीला तोच हवा. फक्त वाट चुकली. वीज अशा फेऱ्याने नेली की ती सगळ्यांना एकच माप देते. प्रत्येकाला आपापल्या भुकेएवढे मिळायचे, तर दोन तारा हव्यात. एक नेणारी, एक आणणारी, दोन्ही शेजारी शेजारी. प्रत्येक दिव्याचे एक टोक एकीला, दुसरे दुसरीला. मग प्रत्येक दिव्याला पूर्ण दाब मिळेल. देवळात रुपया, घरांना तीन-तीन आणे. डायनॅमोला हे सहज झेपते.

"म्हणजे गेली त्याच वाटेनं परत?" आता गुरव बोलला. गुरवाने आडवे बोलणे म्हणजे गावकीत दगड पडल्यासारखे. "पालखी गेल्या वाटेनं परतत नाही, कारभारी."

मी पुस्तिका आठवू लागलो, जणू तिच्यात पालखीवर काही लिहिलेले असेल.

म्हातारी खांबाआडून म्हणाली, "पालखी नाय परतत. पण भोई त्याच वाटेनं घरी येतात ना? का तेबी डोंगरावरून उतरतात?"

पहिला मानकरी हसला. त्याला हसू दाबायचे होते, पण ते मिशीतून निसटले. "वयनी, तुला कोणी बोलावलं गावकीत?"

"पालखी माज्या दारची बंद करत होता, तवा मला बोलावलं नाय. म्हून आपणच आले, भावजी."

गुरव म्हणाला, की भोई परततात हे खरे आहे. वीज पालखी नव्हे, वीज भोई. देवीला विचारायला हरकत नाही. त्याने कौल लावला, देवीच्या उजव्या अंगाचे फूल पडले, म्हणजे होकार आला, आणि तारवाला खांबापासून उठून पाय मोकळे करू लागला.

पालखी तिसऱ्या दारी थांबण्याविषयी कोणी काही बोलले नाही. आमच्याकडे असला ठराव मागे घेत नाहीत. तो झालाच नव्हता असे धरून चालतात. म्हातारीला हे ठाऊक होते. तरी तिने माझ्याकडे पाहिले, आणि मी मान हलवली.

मग घाई. होळी दुसऱ्या दिवशी. मी कामे वाटली: वरच्या अंगाची तार उतरवणे तारवाल्याकडे, चाप आणि वेळूचे खांब दुसऱ्या मानकऱ्याच्या पोरांकडे, देवळातला सांधा माझ्याकडे, इंजिनवाल्याने इंजिन बंद ठेवून मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही. वरच्या अंगाचा वळसा लांब होता, तो सोडवल्यावर बरीच तार मोकळी झाली. ती पहिल्या तारेच्या शेजारून नेत आलो. गिरणी ते देऊळ झाले. देऊळ ते पहिले घर झाले. दुसऱ्या घरी पोचलो तेव्हा वेटोळ्यात उरलेली तार मी हाताने मापली आणि तारवाल्याकडे पाहिले. त्यानेही मापली.

ओहोळापर्यंत पुरत होती. ओहोळापलीकडे नाही.

मापताना माझी चूक नव्हती, त्याचीही नव्हती. वळसा घेणारी तार परतीच्या वाटेला सहज पुरेल असे डोळ्यांना वाटते, आणि डोंगराळ गावात डोळे फसतात. पहिल्या मानकऱ्याच्या घरचा दिवा काढून तिसऱ्याला द्यावा, अशी सूचना करण्याचे धैर्य तिथल्या कोणातच नव्हते. आणि तसे केले असते तरी तार वाढली नसती. क्रम मानाचा. तार संपली ती शेवटच्या घराआधी.

मी म्हातारीकडे जाऊन सांगितले. तिने लहान दिवा पडवीतून आधीच काढून पदरात गुंडाळून ठेवला होता.

"घ्या हा. माजं काम झालं."

"पुढच्या शिमग्याला तार आणवतो," मी म्हणालो.

"आणा. पण धावू नका येवढे. सकाळपासनं तुम्हाला बघून मलाच दम लागलाय."

होळीच्या दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पालखी निघाली. देवळात मोठा दिवा असा लागला, की जुन्या खांबांवरची नक्षी गावातल्या कित्येकांनी पहिल्यांदाच नीट पाहिली. पहिल्या घरी पांढरा उजेड, दुसऱ्या घरी पांढरा उजेड. फळीवर दाब दोनशेवीस, प्रवाहाचा काटा दीडच्या जरा अलीकडे. देवळाचा रुपया आणि दोन घरांचे मिळून सहा आणे आणि वर थोडे. हिशेब जुळला. मी इंजिनवाल्याला काट्यावर नजर ठेवायला सांगून पालखीमागे निघालो.

ओहोळ ओलांडल्यावर उजेड संपला. तिथून पुढे मशाली. तिसऱ्या दारी पालखी थांबली. म्हातारीने भोयांच्या पायांवर पाणी घातले, नारळ ठेवला. गुरवाने घराचे नाव घेतले, मग मुंबईत असणाऱ्या मुलाचे. मुलगा तिथेच, तिच्या शेजारी उभा होता. तरी मुंबईत असणारा म्हणूनच नाव घेतले, कारण वर्षभर तो तिथेच असायचा. पुढचा खांदा पहिल्या मानकऱ्याचा होता. गाऱ्हाणे संपेपर्यंत त्याने खांदा बदलला नाही.

याला आता चार शिमगे झाले. तारवाल्याने पुढच्याच वर्षी तारेचे वेटोळे पाठवले. ते दासगावच्या होडीतून भिजून आले, मी उन्हात वाळवून कोठीत खुंटीला टांगले. ओहोळ रुंद आहे. तार एका झेपेत न्यायची तर मध्ये एक उंच खांब हवा, आणि खांबाला जागा एकच: पहिल्या मानकऱ्याच्या शेताचा बांध. मी विचारले. "बघू," म्हणाला. पुढच्या वर्षी पुन्हा विचारले. बांध पावसात खचला होता, "आधी बांध घालू दे," म्हणाला. बांध घातला. यंदा विचारायला गेलो तर तो कुठल्याशा दाव्यासाठी महाडला कोर्टात गेलेला होता.

म्हातारी विचारत नाही. दिवा माझ्याकडे आहे, भुशात ठेवलेला, फुटू नये म्हणून. महिन्यातून एकदा मी तो फळीवर लावून पाहतो. लागतो.

डायनॅमोला आणखी तीन आणे सहज झेपतील, हे मी काढून ठेवले आहे. तार पुरते, हे दोन वेळा मापले आहे. राहिले एकच: शिमग्याआधी पहिला मानकरी गावात असताना, सकाळी लवकर, बांधावर जाऊन खांबाची जागा त्याच्याकडून पायाने दाखवून घेणे.